मरणाचं कलम

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला, तांदळाच्या वखारीला लागून एक खोली होती आणि तिच्या दारावर पाटी होती: गोवर्धन मांडवकर, बी.ए., एलएल.बी., वकील. पाटी मोठी आणि खोली लहान, असं लोक हसून म्हणायचे. खोटं नव्हतं ते. आत एक टेबल, एक बाक, आणि बाकावर माणसं मावली नाहीत तर बसायला वखारीतली रिकामी पोती. साठ सालच्या आसपासचं भाईंदर म्हणजे मिठागरं, खाडी, विटांच्या भट्ट्या आणि मधूनमधून चाळी. एवढ्याशा गावात वकिलाला काम ते काय मिळणार, असं त्याच्या सासऱ्यांनी लग्नाआधी विचारलं होतं. मिळालं मात्र. भरपूर मिळालं.

वकील म्हटला की आपल्याला भांडण आठवतं. गोवर्धन भांडणाचा वकील नव्हताच मुळी. ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला की त्याच्या घशाला कोरड पडायची, आणि समोरचा वकील दामटून बोलायला लागला की हा बिचारा खाली बघायचा. त्याचा जीव रमायचा तो माणसं एकत्र बांधण्यात. म्हणजे असं, की कुणाला ट्रक घ्यायचाय, कुणाला भाताची गिरणी टाकायचीय, कुणाला मिठागर चालवायला घ्यायचंय, आणि एकट्याची ऐपत नाही. बँका तेव्हा असल्या माणसांना दारात उभं करत नव्हत्या. मग चार ओळखीचे, चार नात्यातले मिळून फंड उभा करायचे. असे फंड गावोगाव व्हायचे आणि गावोगाव बुडायचे, कारण सगळा कारभार तोंडी. पैसा कोण घालणार, राबणार कोण, नफ्यातलं आधी कुणाला, तोटा आला तर कुणाच्या डोक्यावर, एखाद्याला मधेच बाहेर पडायचं असेल तर काय, हे कुणी विचारायचंच नाही. विचारलं तर मन दुखेल ना! गोवर्धन विचारायचा. वीसच्या वर माणसं आली तर कायदा भागीदारी करू देत नाही, कंपनी काढावी लागते, हेही तोच सांगायचा, आणि एकविसाव्याला हात जोडून घरी पाठवायचा.

हे खूळ त्याच्या डोक्यात आलं ते बापामुळे. बाप धर्माजी रत्नागिरीहून मुंबईच्या गिरणीत आलेला. त्याने गाववाल्यांबरोबर एक किराणा दुकान टाकलं होतं. दुकान चांगलं चाललं, पण कागद नव्हता, आणि चालायला लागल्यावर गाववाल्यांनी धर्माजीला गोड बोलून बाहेर काढलं. बाप मरेपर्यंत त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे व्हायचा. पोराने ते बघितलेलं. म्हणून कागद.

त्याची एक पद्धत होती. दस्त लिहून झाला की तो सगळ्यांना एकत्र बसवायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. नुसतं वाचून सोडायचा नाही. एक कलम झालं की कुणाकडे तरी बोट दाखवायचा, "हं, आता तुम्ही सांगा, काय कळलं?" त्या माणसाने ते आपल्या भाषेत सांगायचं. मिठागरवाला आगरीत सांगायचा, दुकानदार हिंदी-गुजराती मिसळून सांगायचा. कुणी अडखळलं की वकील खूश. "बघा, इथे घोळ आहे," म्हणायचा आणि पुन्हा लिहायला घ्यायचा. लोक वैतागायचे. "काय मास्तर, शाळा घेताय काय?" म्हणून चिडवायचे. पण त्याने बांधलेल्या मंडळ्या टिकायच्या हे सगळ्यांना दिसत होतं. "बोललेलं माणूस विसरतं हो," तो म्हणायचा, "जे कागदावर आहे तेच खरं धरायचं." हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की बाजारात लोक त्याची नक्कल करायचे.

या दस्तांत एक कलम असायचं, त्याचा त्याला मनातून फार अभिमान. भागीदारांतला एक मेला की कायद्याने अख्खी भागीदारीच मोडते, वेगळं लिहून ठेवलं नसेल तर. एका गिरणीचं तसंच झालेलं त्याने पाहिलं होतं. एकजण तापाने गेला, त्याचा मेहुणा येऊन बसला, बहिणीचा हिस्सा आत्ताच्या आत्ता मोकळा करा म्हणाला, आणि चालती गिरणी फुंकून टाकावी लागली. ते बघून गोवर्धनने कलम रचलं: कुणी मयत झालं तरी धंदा चालू राहील, वारसाला मयताने घातलेली रक्कम परत मिळेल, ती मिळाली की वारसाचा संबंध संपला. व्यापारी माणसांना हे कलम एकदम पटायचं. विधवेच्या हातात रोख, धंदा शाबूत, कटकट नाही.

एकसष्ट साली जवळच्या राई गावचा शिवा त्याच्याकडे आला. शिवा तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य, बाकीच्यांनी ज्याचं ऐकायचं तो. रुंद खांद्यांचा, काळाभोर, आणि हसला की पलीकडच्या वखारीतले हमाल बघायला यायचे एवढा मोठ्याने हसायचा.

"वकीलसाहेब, इंजनाची होरी घ्याची हाय," तो म्हणाला. "मानसं घरचीच हाव, पन पैसा घरचा न्हाय पुरत. तुमी मंडली बांधून देता असं आयकलंय."

होरी म्हणजे होडी. राईच्या लोकांची बोली गोवर्धनला आवडायची. शिवा तर इतका आवडला की विचारू नका. एरवी लोक कलमांना कंटाळायचे, हा मांडी ठोकून बसायचा आणि दर वाक्याला काहीतरी विचारायचा. राईतल्या धाकूने शेताचा तुकडा वीटभट्टीवाल्याला देऊन रोख आणली होती. कुणी बायकोचं सोनं घातलं. शिवाने आईचं सोनं घातलं आणि होडीला मेलेल्या आईचं नाव द्यायचं ठरवलं, चंद्रावती. पैसा घालणारे वेगळे, समुद्रात जाणारे वेगळे, दोन्हीकडे असणारे वेगळे. या सगळ्यांची मोट बांधायची म्हणजे खरं वकिली काम. गोवर्धन त्यात बुडून गेला. घरी जेवताना बायकोला, विमलाबाईला, मासळीचे ढीग कसे लागतात ते ताटातल्या भाताने दाखवायचा.

कारण राईत वाटा म्हणजे ढीग. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे ढीग घालतात: एक होडीचा, एक इंजिनाचा, एक जाळ्याचा, मग तांडेलाचा, मग एकेका खलाशाचा. शिवाने सगळे ढीग सांगितले, गोवर्धनने सगळे लिहून घेतले. एक ढीग मात्र शिवाने सांगितला नाही. होडीवरचा माणूस समुद्रातून परत आला नाही, तर त्याच्या घरचा ढीग बंद होत नाही. त्याची पोरं हाताशी येईपर्यंत, पोरगी असेल तर तिचं लग्न होईपर्यंत, तो ढीग रोज बाजूला पडतो. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही, पडतो. राईत ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. पण ती तोंडाने बोलायची नसते. बोललं की समुद्राला ऐकू जातं म्हणतात.

"आणि कुणाचं काही बरंवाईट झालं तर?" गोवर्धनने विचारलं होतं. शिवा ताडकन उठून उभा राहिला आणि दोन्ही कानांना हात लावले. "ते तुमचं काय असतं ते घाला. माज्या तोंडातून न्हाय निघाचं ते." गोवर्धन हसला. नेहमीचं कलम घातलं. वाचताना कळेलच काय ते, कुणी तरी अडखळेल, मग बदलू, असा त्याचा हिशोब. पद्धतच होती ना त्याची.

होडी पाण्यात घालायची त्याच दिवशी, होडीवरच अंगठे उठवायचे असं राईकरांनी ठरवलं. खाडीच्या काठावर चंद्रावती उभी, झेंडूच्या माळा, पताका, नवा रंग ऊन लागून चकाकतोय. सगळा गाव जमलेला. गोवर्धन पालथ्या टोपलीवर बसून वाचत होता आणि खुशीत होता, कारण एकेकजण धडाधड सांगत होता. धाकूने तर त्याचं कलम असं सांगितलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते पान आलं.

"भागीदारांपैकी कोणी मयत झाल्यास..."

"बास!"

शिवाची बायको आनंदी पुढे आली. हातात पूजेचं ताट, अंगावर हिरवं लुगडं, पोट दिसायला लागलेलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पोरच होती. रागाने आणि भीतीने तिचा आवाज कापत होता. "वकीलसाहेब, पाया परते तुमच्या. नव्या होरीवर तसल्या गोष्टीचं नाव नको. आज तरी नको."

म्हाताऱ्या बायकांनी बोटं मोडली. कुणीतरी "बरोबर हाय पोरीचं" म्हणालं. शिवा ओशाळून हसला, "जाऊ द्या वकीलसाहेब, उद्या वाचा." गोवर्धनने आजपर्यंत एक ओळही गाळली नव्हती. तो बोट त्या ओळीवर ठेवून बसून राहिला. वर बघितलं तर ती पोटुशी पोर ताट घेऊन उभी, ताटातला दिवा वाऱ्याने विझायच्या बेतात, आणि सगळा गाव त्याच्याकडे बघतोय. त्याच्याच्याने वाचवेना.

"बरं, बरं," तो म्हणाला. "उद्या वाचू."

अंगठे उठले, नारळ फुटला, चंद्रावती पाण्यात गेली. गोवर्धनला एवढी मासळी बांधून दिली की एस.टी.तल्या बायकांनी नाकाला पदर लावले. विमलाबाईने पिशवी घेता घेता विचारलं, "सगळं वाचून झालं?"

"एक कलम राहिलं. उद्या वाचतो."

"तुमचं? राहिलं?" ती हसायला लागली. "उगवला सूर्य पश्चिमेला!"

तो उद्या काही आला नाही. दुसऱ्या दिवशी होडी समुद्रात. नंतर दोन वेळा तो उत्तनच्या एस.टी.ने राईला उतरला, तर एकदा निम्मी माणसं बाहेर, एकदा शिवानेच लांबून ओरडून विचारलं, "ते राहिलेलं घेऊन आलात काय? जेवा आधी!" आणि जेवायला बसवलं. आनंदीने वाढलं. बाळ झोळीत होतं, सुलू नाव ठेवलं होतं. भाकरी गरम, कालवण झणझणीत, पोर गोड. एवढ्या सुखाच्या घरात ते कलम काढायचं? त्याने पिशवी उघडलीच नाही. मग ठाण्याची कामं आली, पाऊस आला, आणि राहून गेलं. राहून जायला नको होतं. पण माणूसच तो, राहून गेलं.

सुलू बोलायला लागली त्या वर्षी शिवा गेला. उत्तनच्या पुढे इंजिनाच्या पंख्यात जाळं गुरफटलं. खलाशाला खाली पाठवायच्या ऐवजी तांडेल स्वतः सुरी घेऊन उतरला, जाळं कापलं, आणि वर आला नाही. बस, एवढंच. वादळ नाही, काही नाही. पाणी शांत होतं म्हणतात.

पहिले काही आठवडे आनंदीचा ढीग पडला. रीतीप्रमाणे, न बोलता. ती टोपली घेऊन यायची, ढीग उचलायची, विकायला जायची. पण इंजिनाची होडी तांडेलाशिवाय बांधून ठेवता येत नाही. तसा माणूस राईत दुसरा नव्हता. शेजारच्या डोंगरी गावचा एक मिळाला, तो म्हणाला, मला मजुरी नको, तांडेलाचा ढीग पाहिजे, नायतर दुसरी होडी बघतो. आता एका होडीवर तांडेलाचे ढीग दोन कसे पडणार? खलाशांना मग उरणार काय? धाकू काही राक्षस नव्हता. त्याचं शेत या होडीत गेलं होतं. त्याने पेटीतून दस्त काढला आणि वाचून घेतला. आणि मग तो भाईंदरला आला.

"हे बघा वकीलसाहेब, तुमी काय लिवलंय."

गोवर्धनने स्वतःचं अक्षर वाचलं. वारसाचा संबंध संपला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच विझली, कारण राग धरायचा कुणाचा? "हे शिवाला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "तुम्हालाही नव्हतं. हे वाचलंच गेलं नाही, धाकू!"

"अंगठा तर हाय."

तो त्याच दिवशी राईला गेला. देवळापुढे लोक जमले. धाकू, खलाशी, त्यांच्या बायका, आणि एका कडेला आनंदी, कडेवर सुलू. गोवर्धन बोलला, कोर्टात कधी बोलला नव्हता तसा बोलला. हे कलम व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं, तुमच्यासाठी नव्हे. तुमची रीत मला कुणी सांगितली नाही आणि मी विचारायला कमी पडलो. माझ्या पदरचा स्टॅम्प लावून नवा दस्त लिहून देतो. सगळ्यांनी अंगठे द्या, आनंदीचा ढीग चालू राहू द्या, नव्या तांडेलाचं आपण सगळ्यांच्या ढिगातून थोडं थोडं काढू. बायका रडायला लागल्या. दोन खलाशी पुढे सरकलेही. तेवढ्यात धाकू उठला. आवाज चढवला नाही त्याने. उलट त्याचे डोळे भरले होते.

"वकीलसाहेब, तुमीच शिकवलंत ना आमाला? बोललेलं मानूस विसरतं. कागदावर हाय तेच खरं. आता कागद आमच्या बाजूचा निघाला तर तुमी रीत सांगता?"

त्याचंच वाक्य. बाजारात नक्कल व्हायची तेच. पुढे सरकलेले खलाशी मागे जाऊन बसले.

आनंदी उभी राहिली. "यात असं लिवलंय?"

"हो, पण आनंदी..."

"आनि तुमी लिवलंय?"

"हो."

तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. त्याच्याकडे वळून बघितलं नाही.

गोवर्धन गप्प बसला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. ठाण्याला त्याच्यापेक्षा मोठा वकील होता, त्याच्याकडे दस्त घेऊन गेला, आनंदीच्या वतीने दावा लावता येईल का विचारायला. त्या वकिलाने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग मान हलवली, आणि हलवताना तोंडावर कौतुक होतं. "मांडवकर, फार सुरेख लिहिलंय हो तुम्ही. कुठे फटच ठेवली नाही." गोवर्धन तिथून निघाला तो मासुंदा तलावाच्या काठावर बसून पोरासारखा रडला. भर दुपारी, लोकांदेखत.

आनंदीला शिवाच्या आईच्या सोन्याची रक्कम मिळाली. सासऱ्याच्या दुखण्यात ती कधी संपली ते कळलंही नाही. चंद्रावती रोज खाडीला लागायची, तिच्या घरासमोर. ढीग पडायचे. तिचा पडायचा नाही. सुरुवातीला सवयीने ती टोपली घेऊन दारापर्यंत यायची म्हणे, मग आठवायचं, मग परत आत. नंतर ती दुसऱ्यांच्या होडीची मासळी उचलून भाईंदरच्या बाजारात बसायला लागली.

आणि इकडे गोवर्धनचं बिनसलं. त्याने दस्त वाचायची पद्धत सोडली नाही, उलटी केली. आता तो मरणाचं कलम पहिलं वाचायचा. नावगाव, धंदा, भांडवल, काही नाही, लोक बाकावर टेकतात न टेकतात तोच, "समजा, तुमच्यातलं कुणी मेलं." स्टीलच्या भांड्यांचे कारखाने तेव्हा भाईंदरात निघायला लागले होते. एक मंडळी पेढे घेऊन आली, पेढ्यांचा पुडा टेबलावर, आणि वकील त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याकडे बोट दाखवून विचारतोय, "काका, तुम्ही गेलात तर मागे कोण? तुमच्यात रीत काय आहे? सांगा, तोंडाने सांगा." म्हाताऱ्याने हात जोडले, पुडा उचलला आणि निघाला. नवा धंदा काढताना असलं अभद्र बोलणं कोण ऐकून घेणार? गावात नाव पडलं, मरणवकील. बाजारात लोक आता ही नक्कल करायला लागले.

"अहो, शेवटी वाचा ना," विमलाबाई काकुळतीला यायची. "वाचू नका म्हणत नाही मी. पण शेवटी वाचा."

"शेवटी वाचायला गेलो आणि राहिलं, विमल."

विमलाबाई भांडली, रुसली, माहेरी जाऊन आली, मग गप्प झाली. छापील दस्तांवर नावं भरून देणारे नवे वकील आले. फंडांची कामं त्यांच्याकडे गेली. सत्तर साल उजाडेपर्यंत गोवर्धनकडे उरली ती प्रतिज्ञापत्रं आणि भाडेपावत्या. वखारवाल्याने आपली पोती परत नेली.

आनंदी बाजारात बसायची ती जागा खोलीपासून हाकेच्या अंतरावर. विमलाबाई मासळी तिच्याकडूनच घ्यायची, दोघी बोलायच्या, निघताना विमलाबाई तिची टोपली डोक्यावर चढवायला हात लावायची. भरली टोपली एकटीला उचलत नाही, कुणाचा तरी हात लागतोच. गोवर्धन दारातून बघायचा. त्याच्याकडे ती बघायची नाही. सुलूला शाळेतून काढलं, हेही त्याला विमलाबाईकडून कळलं. मग सुलूचं लग्न झालं तेही कळलं. वसईकडचा कुणी बिजवर, दोन पोरांचा बाप, हुंडा नको म्हणाला म्हणून. ढीग चालू असता तर तिच्या लग्नापर्यंत चालला असता, आणि आनंदीने पोर अशी उजवली नसती. त्या दिवशी गोवर्धन जेवला नाही.

एकोणऐंशी साली, सकाळचा बाजार भरायच्या आधी, चार-पाच कोळणी त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे आनंदी. केस पांढरे व्हायला लागलेले, खांदे उतरलेले. गोवर्धन उठायला गेला तर टेबलाला धडकला.

"टेम्पो घ्याचा हाय आमाला," ती म्हणाली. "बोरिवलीला मासळी न्यायला. सगल्यांनी मिलून. मंडली बांधून द्या."

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलत होती. गोवर्धनने कागद पुढे ओढला. त्याला माहीत होतं की आता तो जे बोलणार त्याने या बायका उठून जाणार. तरी तो बोललाच. "आधी एक विचारतो. तुमच्यातलं कुणी मेलं, तर?"

"आगं बया!" मंदा नावाची तरणी कोळीण उभीच राहिली. "सांगत व्हते ना मी, हा मरनवकील हाय म्हनून! चला गं."

"बस, मंदे," आनंदी म्हणाली.

"अगं पन..."

"बस बोलली ना. आयकाचं हाय ते." मग ती गोवर्धनकडे वळली. "वाचा तुमी. मी सांगते."

त्याने लिहिलं, वाचलं, आणि सवयीने तिच्याकडे बोट दाखवलं. दाखवलं आणि खाली घेतलं. आनंदीने पदर तोंडाशी नेला, काढला.

"मी मेली," ती म्हणाली आणि थांबली. राईची बाई ती, ते शब्द तिच्या तोंडातून जन्मात निघाले नव्हते. "मी मेली तर माजा वाटा बंद व्हाचा न्हाय. माजी सुलू हाय, तिचा वाटा काढाचा. ती येवो, न येवो. बाजूला काढून ठेवाचा."

"सुलूचा पत्ता?"

"वसईचा हाय. ती येत न्हाय माज्याकडं. बोलते, आये, तू मला वाटेला लावलंस." तिने नाक पुसलं. "तरी तिचंच नाव घाला."

गोवर्धनने नाव घातलं. मग एकेकीने आपापलं सांगितलं, मंदानेही, डोळे मिटून का होईना. अंगठे उठले. बायका टोपल्या घेऊन बाहेर पडल्या. आनंदीची टोपली दारात होती, ती तिच्याजवळ उभी राहिली. जावं की नाही अशी.

"तवा तुमी वाचाला पायजे होतं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"मी नको बोलली तरी. मी पोर होती, वकीलसाहेब. तुमी वकील होता."

या एका वाक्याची त्याने किती वर्षं वाट पाहिली होती, आणि किती उत्तरं जमवून ठेवली होती. तुझं पोट दिसत होतं, दिवा विझत होता, सगळा गाव बघत होता, मी दोनदा आलो होतो. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"हो," तो म्हणाला. "वाचायला पाहिजे होतं."

तिने मान हलवली. मग वाकून तिने टोपलीची एक बाजू धरली.

"हात लावा," ती म्हणाली.

गोवर्धनने दुसरी बाजू धरून टोपली उचलली, तिच्या डोक्यावर ठेवली, आणि ती बाजाराकडे चालू लागली.